गद्याचा राजमुकुट : 'राजसंन्यास'ची भाषा

आमच्या उमरेडहून नागपूर ओलांडून उत्तरेला गेलं की सावनेर लागतं. तिथेच २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी गेले, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी. संभाजीराजांवरची 'राजसंन्यास' ही शोकांतिका त्यांच्या हातून अपुरीच राहिली. हाती आले ते मोजके प्रवेश. पण मराठी गद्य रंगभूमीवर किती उंची गाठू शकतं, हे पाहायला तेवढे पुरेसे आहेत.

नाटक उघडतं सिंधुदुर्गावर. भोवती समुद्र, जवळ संभाजी जिच्यावर लुब्ध आहे ती तुळसा. इथल्या संभाजीच्या वाक्यांची बांधणी पाहावी. उपवाक्यावर उपवाक्य रचत गडकरी क्रियापद शेवटपर्यंत राखून ठेवतात. मराठीत क्रियापद अखेरीस येतं, या साध्या व्याकरणाचं त्यांनी नाट्य केलं. ऐकणाऱ्याचा श्वास त्या शेवटच्या शब्दापर्यंत अडून राहतो. अनुप्रास आहे, विरोध आहे, रूपकांची रास आहे. पण त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे शौर्य आणि शृंगार दोन्ही एकाच शब्दकळेत बोलतात. साहसाची आणि वासनेची धुंदी या राजाला वेगळी ओळखूच येत नाही. पुढच्या विनाशाचं बीज कथानकाच्या आधी भाषेत पेरलं जातं, ही केवढी नाट्यदृष्टी!

मग येतो जिवाजी कलमदाने. नावातच लेखणी आणि दौत आहे. राजाच्या ओघापुढे याचं बोलणं कारकुनी हिशेबाचं. एकेक मुद्दा काढायचा, तोलायचा आणि खाली उतरवायचा. शिवछत्रपतींचं कर्तृत्वही तो असंच आपल्या तोकड्या मापाने मोजतो. त्याचा युक्तिवाद वरवर सुसंगत वाटतो आणि तिथेच गडकऱ्यांची करामत आहे. क्षुद्रपणाला त्यांनी तोतरं ठेवलं नाही, चांगलं वाक्पटू केलं. त्यामुळे प्रेक्षक हसता हसता त्या मनाचा कोतेपणा स्वतःच ताडतो. मोठेपणाइतकीच खुजेपणाची भाषाही ज्याला अचूक साधते, तो खरा नाटककार.

शेवटच्या प्रवेशात संभाजी कैदेत आहे. १६८९ सालचा तो मृत्यू समोर उभा आहे. गंमत अशी की वाक्यांचा साज तोच राहतो. तीच चढती उपवाक्यं, तेच विरोध. फक्त त्यांचं तोंड आता फिरलं आहे. ज्या वाणीत स्वतःचा गौरव होता, तीच वाणी स्वतःवर आरोप ठेवते. राजा म्हणजे जगाचा धनी, पण भोगाचा लवलेश नसलेला. राज्य करणं हाच संन्यास, हे सत्य त्याला सापडतं ते सिंहासन हातचं गेल्यावर. नाटकाच्या नावातले दोन विरोधी शब्द इथे एकजीव होतात. एका अलंकारातून अख्ख्या आयुष्याचा अर्थ उलगडावा, असं मराठी नाटकात क्वचितच घडलं असेल.

एक भान मात्र ठेवायला हवं. हा संभाजी बखरींच्या परंपरेतला आहे. वा. सी. बेंद्रे यांनी लिहिलेलं त्यांचं संशोधनपूर्ण चरित्र १९६० साली आलं आणि संभाजीराजांची खरी थोरवी लोकांपुढे आली. गडकऱ्यांना ते वाचायला मिळणं शक्यच नव्हतं. नाटकातल्या चित्रणाच्या रागातून जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा हटवला गेला. इतिहासासाठी बेंद्रे वाचावेत, आणि पात्राच्या तोंडचं बोलणं हे लेखकाचं मत नव्हे, एवढं ध्यानात ठेवून 'राजसंन्यास'ही वाचावं.

वाचावं ते मोठ्याने. विदर्भातल्या हौशी नाट्यमंडळांनी यातला एखादा तरी प्रवेश तालमीला घ्यावा. दम कुठे घ्यायचा, आवाज कुठे चढवायचा आणि कुठे थांबायचं, हे गडकऱ्यांनी वाक्यातच लिहून ठेवलं आहे. नटाने फक्त ते ऐकायला शिकायचं.