हस्तरची भूक आणि भीमाचे सोने

भय आणि अद्भुत यांवर जगणाऱ्या कथा-कादंबऱ्यांना मराठी समीक्षेने कधी ओसरीच्या पुढे येऊ दिले नाही. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून ती पाने सुटी होईपर्यंत वाचली गेली, पण गंभीर चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते. प्रस्थापितांनी हे केले ह्यात नवल नाही. आपल्या चळवळीतल्या वाचकांनीही ह्या वाङ्मयाला पलायनवाद म्हणून बाजूला सारले, ही गोष्ट मात्र मला अनेक वर्षे टोचत आली आहे. कारण मी ते वाङ्मय वाचत वाढले. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील मोंढ्यात हमाली करीत आणि औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून पाच-दहा रुपयांना मिळेल ते मला आणून देत. त्यांना वाचता येत नव्हते, त्यामुळे मुखपृष्ठावर कवटी आहे की कमळ हा भेद त्यांनी केला नाही. अशा रीतीने 'लुचाई' माझ्या हाती आली आणि 'बलुतं' त्यानंतर दोन वर्षांनी. दोन्ही पुस्तकांनी माझी झोप उडवली. हे मी कबुलीजबाब म्हणून सांगत नाही, वाचक म्हणून माझे नाते कुठून सुरू होते एवढेच सांगते.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. दुसऱ्या खेपेला मी तो येथे, आमच्या शहरात, बी. ए.च्या काही विद्यार्थ्यांसोबत पाहिला. सहा वर्षांनी परत आलेला चित्रपट तरुण पोरे तिकीट काढून पाहतात, तेव्हा त्यात त्यांना काय सापडते हे शिक्षकाने तपासले पाहिजे.

चित्रपटाच्या मुळाशी धारपांची 'आजी' ही कथा आहे, आणि 'आजी'च्या मुळाशी स्टीफन किंग ह्या अमेरिकन लेखकाची 'ग्रामा'. म्हणजे रूपांतराचेही रूपांतर. ह्यावरून धारपांना उसनवारीचा दोष देणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. परकी गोष्ट आपल्या घरात आणून बसवायची तर घर माहीत असावे लागते, आणि मराठी मध्यमवर्गीय घराचा माजघर-माळ्यापर्यंतचा अंधार धारपांना पाठ होता. म्हातारीबरोबर घरात एकटे उरलेले पोर, ही त्या कथेतली कळ बर्वे ह्यांनी पहिल्या भागात जशीच्या तशी जपली आहे. आई नाही, भाऊ नाही, साखळीने बांधलेली ती म्हातारी आहे आणि तिला खाऊ घालायचे आहे. तेवढ्या वीस मिनिटांत धारपांचा चाहता म्हणून जे मागावे ते सगळे मिळते. भुताला दचकवण्यासाठी वापरलेले नाही. त्याला वजन आहे, वास आहे. पंकज कुमार ह्यांच्या छायाचित्रणातला पाऊस थांबतच नाही. अनेक पावसाळे थांबून हे चित्रण केले गेले, आणि ती चिकाटी पडद्यावर दिसते. हिंदी चित्रपटातली भुते इतकी वर्षे रंगवलेल्या तोंडाने हिंडत होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कामाची किंमत कळते.

धारपांच्या पुढे जाऊन बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवे पुराण रचले. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याने आईचे सगळे सोने घेतले आणि धान्याकडे हात नेला, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवले, पण अट घातली गेली: त्याची पूजा होणार नाही, त्याचे नाव पुराणातून पुसले जाईल. तो पृथ्वीच्या गर्भात पडून राहिला. तुंबाडच्या एका घराण्याने त्याचे देऊळ बांधले, म्हणून देवांचा कोप पाऊस होऊन कोसळत राहिला. विनायक हा त्या वाड्याशी रक्ताने बांधलेला मुलगा. तो १९१८ साली तेथून निघतो, १९३३ साली परततो, म्हातारीकडून खजिन्याचा मार्ग काढून घेतो आणि विहिरीतून गर्भात उतरून पिठाच्या बाहुलीचे आमिष दाखवून हस्तरच्या लंगोटीतल्या मोहरा चोरू लागतो. १९४७ साली मुलालाही तोच धंदा शिकवतो, आणि तेथे सर्वनाश होतो. चित्रपट गांधीजींच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या, गरज आणि हाव ह्यांविषयीच्या एका प्रसिद्ध वचनाने उघडतो. म्हणजे आपण काय समजायचे हे आधीच ठरवून दिलेले आहे: माणसाची हाव वाईट.

माझी तक्रार येथे सुरू होते. कोणत्या माणसाची?

चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) ह्या कादंबरीवरून सुचलेले आहे. चित्रपटाने नावातले तुंबाड घेतले आणि खोत सोडले. हा अपघात असेल, पण फार बोलका अपघात आहे. कोकणात खोत म्हणजे काय हे कुळाला विचारावे. पिकवायचे कुळाने आणि खळ्यावर मापायचे खोताने, वर वेठ. त्या हावेला दप्तर होते, माप होते, सरकारी मान्यता होती. विनायक ज्या १९३३ साली तुंबाडच्या पावसात परततो, त्याच साली अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी कसायचे नाकारले आणि तो संप सहा वर्षे चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी त्याच मागणीसाठी मुंबईत मोर्चाने गेले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. चित्रपटाची तीन सालेही, १९१८, १९३३ आणि १९४७, ह्याच इतिहासाच्या अंगणात उभी आहेत. आणि पडद्यावर काय आहे? वाडा, पाऊस, आणि माणसांवाचून ओसाड पडलेले गाव. कुळ नाही, गावकुसाबाहेरची वस्ती नाही. सरकार म्हणवणाऱ्या म्हाताऱ्या जमीनदाराची एक मोहर मिळावी म्हणून विनायकाची आई त्याची सेवा करीत राहते, एवढाच शोषणाचा धागा चित्रपटात आहे. तो खरा आहे आणि ज्योती माळशे ह्यांनी तो न बोलता दाखवला आहे. पण तो वाड्याच्या भिंतीच्या आतच राहतो.

विहिरीचे पाहा. सगळा चित्रपट एका विहिरीत उतरतो. विनायक गाव सोडतो आणि परत येतो ह्या दोन सालांच्या मध्ये, २० मार्च १९२७ रोजी, त्याच कोकणात महाडच्या चवदार तळ्यावर माणसे पाणी प्यायला गेली आणि त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. कोकणातल्या वाड्याची विहीर म्हटल्यावर आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आत कोणते भूत आहे हा नव्हे. ती खणली कुणी आणि तिच्यावर चढायची बंदी कुणाला होती, हा येतो. अद्भुतकथेने इतिहासाची प्रश्नपत्रिका सोडवावी अशी माझी मागणी नाही. पण जिने काळ इतक्या काटेकोरपणे सांगितला, साल पडद्यावर लिहून दाखवले, तिने त्या सालातली माणसे गाळली, तर हाव ही आपोआप मनुष्यस्वभाव होऊन बसते. मग तिच्याविरुद्ध संप करता येत नाही, फक्त पश्चात्ताप करता येतो.

चित्रपट संपल्यावर एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, हस्तर आपल्यातलाच वाटतो. नाव पुसलेला, देवळाबाहेरचा, धान्याला हात लावला म्हणून तोडलेला." त्या पोराची नजर मला आवडली. तरीही हे वाचन मला संपूर्ण मान्य नाही. हस्तरने आधी सगळे सोने आपल्याकडे घेतले होते, ही गोष्ट विसरून कसे चालेल? बळी, शंबूक, एकलव्य ह्यांच्याशी आपण नाते सांगितले ते त्यांच्यावरचा अन्याय कथेतच उघडा आहे म्हणून. प्रत्येक राक्षस आपला म्हणत सुटलो तर आपली चिकित्सा ही व्यवस्थेच्या चिकित्सेची उलटी छापील प्रत होईल. मात्र एक गोष्ट त्या पोराने अचूक पकडली. हस्तरकडे सोने आहे आणि तो भुकेला आहे. पिठाच्या बाहुलीवर तो ज्या रीतीने झडप घालतो ती हाव नाही, भूक आहे. चित्रपट हावेवर व्याख्यान देतो आणि चित्र मात्र भुकेचे काढतो. हे अंतर दिग्दर्शकाला जाणवले असते तर चित्रपट कुठल्या कुठे गेला असता! ज्याच्या पोटात दाणा नाही त्याच्या कमरेचे सोने काढायला उतरणारा, सोबत फक्त पिठाचा गोळा नेणारा माणूस. खोतीचे याहून नेमके चित्र मी पाहिलेले नाही. ते न कळत निघाले आहे.

मराठीत ह्याच्या जोडीला ठेवण्यासारखी एक कथा फार पूर्वी लिहिली गेली आहे. अण्णा भाऊ साठे ह्यांची 'स्मशानातील सोनं'. भीमा हा वारणेकाठचा गडी. मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. स्मशानातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि तो रात्री प्रेते उकरून सोने काढू लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो, आणि एका रात्री प्रेताच्या जबड्यात बोटे गमावून बसतो. त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारी बोटेच उरलेली नाहीत, म्हणून तो रडतो. विनायक आणि भीमा दोघेही रात्री सोन्यासाठी मेलेल्यांत उतरतात, दोघांनाही शरीराने किंमत द्यावी लागते. पण भीमाला सोने हवे असते ते काम नाही म्हणून. विनायकाला काम करायचेच नसते, तो वारसा वसूल करतो. धारपांच्या वाचकाने ही कथा भयकथा म्हणून वाचावी असे मी वर्गात सांगते. अंधार, कोल्हे, सडका वास, दातांत अडकलेली बोटे: भयकथेची सगळी सामग्री तिच्यात आहे. तरीही तिच्यात सर्वांत भयंकर वाक्य खाण बंद पडल्याचे आहे.

भीतीलाही जात असते, हे आपल्या लोकसमजुतीनेच सांगून ठेवले आहे. मुंजा हा मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. ब्रह्मसमंध हे ब्राह्मणाचे भूत. २०२४ साली 'मुंज्या' नावाचा हिंदी चित्रपट खूप चालला, आदित्य सरपोतदार ह्यांचा. त्यातही कोकण, त्यातही तेच घराणे-वाडे. स्मशान तर सर्व भयकथांचा हक्काचा रंगमंच. पण माझा आजा येसकरकी करीत असे. मयताचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री गावोगाव जाणे, सरणाची लाकडे वाहणे ही त्याची कामे होती, आणि मढ्यावरचे कापड हा त्याचा हक्क होता. धर्मांतरानंतर त्याने ती टाकली. त्याला मी लहानपणी विचारले होते की स्मशानात भीती वाटत नव्हती का. तो म्हणाला, "मढ्याची कसली भीती? परतताना पाटलाच्या दारावरून यावं लागायचं, त्याची वाटायची." धारपांच्या समर्थाला ह्या भीतीवर उपाय ठाऊक नव्हता. तो ज्या घरांत धावून जातो त्या घरांना ही भीती नाही.

म्हणून अद्भुत सोडून द्यावे काय? आपल्या साहित्याने साक्ष देण्याचे काम पत्करले, आत्मकथनांनी ते केले, ते अटळ होते. पण त्यातून वास्तव म्हणजे केवळ घडलेले, असा एक सक्त नियम होऊन बसला, तो मला जाचतो. कृष्णवर्णीय साहित्याशी आपण भाऊबंदकी सांगितली. रिचर्ड राइट, बाल्डविन ह्यांची नावे आपल्या व्यासपीठांवर घेतली गेली. पण ऑक्टेव्हिया बटलर हिच्या 'किंड्रेड' (१९७९) विषयी मी आपल्याकडे फारसे ऐकले नाही. १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातली एक कृष्णवर्णीय स्त्री अचानक मागे ओढली जाते, गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमधल्या मळ्यावर, पुन्हा पुन्हा. यंत्र नाही, मंत्र नाही. हे ओढले जाणे आमच्या ओळखीचे नाही काय? प्राध्यापकांच्या खोलीत एखादा सहकारी सहज आडनाव विचारतो, तेव्हा आपण किती वर्षे मागे जाऊन पडतो? बटलरने त्याची कादंबरी केली.

'तुंबाड'चा दुसरा भाग निघणार असे २०२४ सालीच जाहीर झाले आहे. तो आला की मी पाहीन, पहिल्या दिवशी पाहीन. दरम्यान त्या हस्तरवाल्या विद्यार्थ्याने एक कथा लिहायला घेतली आहे. तिच्यात वाडा आहे, विहीर आहे, आणि विहीर खणताना दरड कोसळून आत राहिलेले तीन गडी आहेत. ते वर येतात आणि मजुरी मागतात. शेवट त्याला सुचलेला नाही. मी त्याला म्हटले, घाई करू नकोस, आधी मजुरीचा हिशेब नीट कर; त्या सालचा दर काय होता ते शोधून काढ.