विद्यार्थ्याचा निबंध आणि छापील पान

पदवीच्या विद्यार्थ्याने केलेले उत्तम इतिहाससंशोधन विद्यापीठाने प्रसिद्ध करावे काय, असा प्रश्न निघाला की ‘ते अजून कच्चे आहे’ हे उत्तर ठरलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील दोन लेखनांच्या आधारे या उत्तराची परीक्षा करणे उद्बोधक ठरेल. बाबासाहेब तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थी होते हे खरे. परंतु त्यामुळे मूळ प्रश्न बदलत नाही.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, बाबासाहेबांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. त्यांचे वय २५ वर्षांचे होते. मे १९१७ मध्ये तो मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले व केतकर यांच्या व्याख्या तपासून त्यांनी अंतर्विवाह हेच जातीचे मर्म ठरविले आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथांची संगती त्यातूनच लावली.

निबंध निर्दोष नाही. अनुकरणाच्या सिद्धान्तावर त्यात अधिक भार आहे. अस्पृश्यतेचा विचार जवळजवळ नाही. परंतु आपले मत चुकीचे ठरल्यास ते सोडण्याची तयारी लेखकानेच अखेरीस दर्शविली आहे. छापल्यामुळेच या तयारीला अर्थ आला. ‘जातिनिर्मूलना’च्या १९४४ च्या आवृत्तीत हा निबंध सामावून घेण्याचा आपला मानस होता, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे.

याउलट, कोलंबियातीलच ‘प्राचीन भारतीय व्यापार’ हे लेखन महाराष्ट्र शासनाच्या १२ व्या खंडात १९९३ साली, महापरिनिर्वाणानंतर ३७ वर्षांनी, वाचकांपुढे आले. आक्षेपांना उत्तर द्यायला लेखक उरला नव्हता.

ज्या परळमधील चाळीत बाबासाहेब राहिले, त्या परिसरातील आजच्या विद्यार्थ्यांच्या दाराशीच इतिहासाची साधने आहेत. १९८२ चा गिरणीसंप अनुभवलेले कामगार आता वृद्ध झाले आहेत. अशा साक्षींचे मोल ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाने सिद्ध केले आहे. विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत गुण देऊन कपाटात ठेवली, तर ती साक्ष दुसऱ्यांदा मिळेलच असे नाही.

अर्थात सरसकट छपाई हा उपाय नव्हे. साधनांची पडताळणी, सांगणाऱ्याची संमती आणि जाणत्या परीक्षकाचे लेखी अभिप्राय एवढे बंधन हवेच. मात्र परिपक्वतेची वाट पाहत लेखन अडवून ठेवणे म्हणजे परिपक्व होण्याचे साधनच काढून घेणे होय. विचार उघड्यावर तपासला गेला, तरच तो पुढे जातो.