पुतळ्याची भाषा : बंगळुरूतील शिवाजी, बेळगावातील रायण्णा

कोलकात्यात हो ची मिन्ह यांचा पुतळा आहे. व्हिएतनामी भाषेच्या वतीने त्यावर कोणी हक्क सांगत नाही आणि बंगालीला त्याच्यापासून धोकाही वाटत नाही. परदेशी स्वातंत्र्यनेत्याचा पुतळा बहुधा असा निर्वेध उभा असतो. अडचण होते ती परदेशी नसलेल्या, तरीही परक्या ठरवल्या गेलेल्या नायकाची. डिसेंबर 2021 मध्ये बंगळुरूच्या सँकी रस्त्यावरील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतण्यात आली; पाठोपाठ बेळगावच्या अनगोळ भागात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. पुतळा ही संहिता मानली, तर हे तिचे एकभाषिक वाचन होय.

वस्तुतः दोन्ही नायकांचे चरित्र या वाचनाला जुमानत नाही. कित्तूरच्या पाडावानंतर कंपनी सरकारशी झुंजलेल्या रायण्णाला 1831 मध्ये फाशी दिले गेले ते नंदगड येथे, म्हणजे महाराष्ट्र ज्यावर हक्क सांगतो त्या खानापूर तालुक्यात. त्याची स्मृती टिकवली कानडी लावणीने. 'लावणी' हा शब्द दोन्ही भाषांचा. मराठीतील लावणीविचाराने मात्र या सख्ख्या शेजारणीची पुरेशी दखल घेतलेली नाही.

बंगळुरूचे उदाहरण अधिक बोलके आहे. 1638 च्या सुमारास हे शहर शहाजीराजांकडे आले. बाल शिवाजींचा काही काळ येथे गेला. याच दरबारात जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' रचला. आपल्याला बारा भाषांत कविता करता येते हे सुचवण्यासाठी त्याने राजापुढे बारा नारळ ठेवले, असा प्रसंग त्यात येतो. संस्कृत उल्लासांनंतर देशभाषांतील रचना येतात आणि त्यांत कानडीही आहे. मराठी सरदाराची स्तुती कानडीत व्हावी यात कवीला वा राजाला काहीच वावगे वाटत नाही. दरबारी स्तुतीचा हेतू निर्मळ असतो असे नव्हे. पण राजाचे मोठेपण येथे अनेक भाषांच्या साक्षीने सिद्ध होते, एकीच्या मालकीने नव्हे.

वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये हा ग्रंथ दीर्घ प्रस्तावनेसह प्रकाशात आणला. तेव्हापासून मराठीत तो मुख्यतः शहाजीचरित्राचे साधन म्हणून वाचला गेला. बहुभाषिक काव्य म्हणून त्याचे मोल दुय्यम राहिले. बंगळुरूतील शिवाजी परका ठरतो, याची थोडी जबाबदारी या मराठी वाचनावरही येते. बारा नारळांपैकी आपण एकच फोडला.

बेळगावजवळील पिरनवाडीत ऑगस्ट 2020 मध्ये रायण्णाचा पुतळा रातोरात उभारला गेला आणि तणाव वाढला. अखेर चौकाला नाव शिवाजी महाराजांचे आणि पुतळा रायण्णाचा, असे ठरले. ही तडजोड घडवून आणली ती पोलीस अधिकाऱ्यांनी.