साथीचे मोजमाप : बॉब डिलनचे गिटारवादक आणि रसिकांची तुलना

अमेरिकन लोकगायक व गीतकार बॉब डिलन याच्या चाहत्यांमध्ये एक वाद कित्येक दशके चालू आहे : डिलनला लीड गिटारची साथ करणाऱ्यांत श्रेष्ठ कोण? माइक ब्लूमफील्ड आणि रॉबी रॉबर्टसन ही नावे बहुधा अग्रस्थानी असतात. त्यामागून मिक रॉन्सन, मार्क नॉप्फलर, मिक टेलर, जी. ई. स्मिथ, लॅरी कॅम्पबेल, चार्ली सेक्स्टन अशी नामावली येते. वरवर पाहता हा वाद हौशी वाटतो. तथापि २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या कवीच्या शब्दाशी वाद्याचे नाते कोणते असावे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी असल्याने तो समीक्षेच्या कक्षेत येतो.

ब्लूमफील्ड आणि रॉबर्टसन यांची तुलना ज्या पुराव्यावर केली जाते, तो मुळातच विषम आहे. ब्लूमफील्डची ख्याती १९६५ च्या 'हायवे ६१ रीव्हिजिटेड' या ध्वनिमुद्रिकेवर उभी आहे. त्या काळात रंगमंचावर त्याने डिलनला साथ केली ती एकदाच, २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात, आणि तीही तीन गाण्यांपुरती. पुढे तो पॉल बटरफील्डच्या ब्लूज वाद्यवृंदातच राहिला. याउलट रॉबर्टसन ऑगस्ट १९६५ पासून मे १९६६ पर्यंत, अनेकदा हुर्यो उडवणाऱ्या श्रोत्यांसमोर वाजवत होता. १७ मे १९६६ च्या ज्या मैफलीत एका श्रोत्याने डिलनला 'जुडास' असे संबोधले, ती मँचेस्टरची. परंतु तिचे चोरटे ध्वनिमुद्रण लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे म्हणून वर्षानुवर्षे फिरत राहिले. अधिकृतरीत्या ते १९९८ मध्ये प्रकाशित झाले. म्हणजे एकाचे मूल्यमापन स्टुडिओत निवडून घेतलेल्या मुद्रणांवरून आणि दुसऱ्याचे सभागृहातील झटापटीवरून होते. चाहते दोन वादकांची तुलना करीत आहेत असे मानतात. प्रत्यक्षात ती दोन परिस्थितींची असते.

ब्लूमफील्डने पुढे सांगितल्याप्रमाणे, बी. बी. किंगच्या धाटणीचे ब्लूज वाजवू नये, अशी सूचना डिलनने त्याला आरंभीच केली होती. या मर्यादेमुळे स्टुडिओत तो ओळींच्या मधल्या जागांत शिरला आणि तिथेच त्याचे उत्तम काम झाले. न्यूपोर्टला 'मॅगीज फार्म'मध्ये मात्र त्याची गिटार शब्दावर चढून बसते. त्या रात्रीच्या नाराजीची कारणे विद्युत वाद्ये, सदोष ध्वनियोजना की कार्यक्रमाचा अपुरेपणा, याविषयी आजही मतभेद आहेत. रॉबर्टसन ओळ संपण्याची वाट पाहतो आणि मग तोडल्यासारखा एक टोकदार स्वरसमूह टाकतो. साथीचा निकष लावल्यास रंगमंचावरचा रॉबर्टसन सरस ठरतो.

हा निकष मान्य केल्यास अग्रक्रमाच्या याद्यांतील एक अनुपस्थिती खटकू लागते. ब्रूस लँगहॉर्न या कृष्णवर्णीय वादकाने बालपणीच्या अपघातात उजव्या हाताची काही बोटे गमावली होती. १९६५ च्याच 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम'वर विद्युत गिटार त्याची आहे. 'मिस्टर टँबोरिन मॅन'मध्ये गायक आणि त्याची अकौस्टिक गिटार यांच्या पलीकडे जी दुसरी गिटार ऐकू येते, ती मुख्य चालीला समांतर अशी स्वतःची छोटी चाल धरून चालते; शब्द ऐकताना तिचे भान राहत नाही, आणि ती काढून घेतली तर गाणे उघडे पडेल. या गाण्याची कल्पना डिलनला लँगहॉर्नच्या मोठ्या डफावरून सुचली, हे सर्वज्ञात आहे. त्याच्या वादनाची चर्चा मात्र क्वचितच होते. तीच गत नॅशव्हिलच्या चार्ली मकॉयची. 'हायवे ६१'चा शेवट करणारे 'डेझोलेशन रो' हे अकरा मिनिटांहून अधिक लांबीचे गाणे त्याच्या अकौस्टिक गिटारने तोललेले आहे. एकामागून एक कडवी येत राहतात आणि तो प्रत्येक वेळी जवळपास तेच, पण किंचित वळवून वाजवतो. चाहत्यांची मोजपट्टी एकल वादनाची असल्याने असे वादक तिच्यावर नोंदलेच जात नाहीत. (हिंदुस्थानी ख्यालगायनातील संवादिनीवादकाची जागा आठवल्यास मराठी अभ्यासकाला हा अन्याय सहज उमगेल.)

नॉप्फलरचे १९७९ च्या 'स्लो ट्रेन कमिंग'वरील वादन स्वच्छ आणि नेमके आहे. त्याची स्तुती पुरेशी झाली आहे. अधिक विचारणीय उदाहरण सेक्स्टनचे होय. १९९९ ते २०१९ या काळात तो तीनदा डिलनच्या वाद्यवृंदात होता. २००२ च्या शरद ऋतूपासून डिलन रंगमंचावर प्रामुख्याने कळफलकाच्या वाद्यांकडे वळला. शिवाय चाल, लय, प्रसंगी शब्दही मैफलीगणिक बदलण्याची त्याची सवय होतीच. अशा गायकाला साथ करताना पाठ केलेले वादन निरुपयोगी ठरते. म्हणूनच सेक्स्टनच्या उत्तरकाळातील वादनात एकल भाग घटत गेले, ही चाहत्यांची तक्रार खरी असली तरी तिला उणीव म्हणता येत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्यात त्याच्या जागी डग लँशियो आला. त्याची आणि बॉब ब्रिट याची गिटार बहुतांशी पियानोच्या आडच राहते. 'आता लीड गिटार उरलीच नाही' अशी खंत जुने चाहते व्यक्त करतात. लँगहॉर्नलाही त्यांनी लीड गिटारवादक म्हणून कधी मोजले नव्हते.