चिनी मृत्तिकामूर्ती आणि 'लोककला' ही संज्ञा

चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत (२००६) 'मृत्तिकाशिल्प' या एकाच सदराखाली चार परंपरा बसविण्यात आल्या : त्यानजिनची 'नीरन झांग', वूशीजवळील हुइशानच्या मूर्ती, फंगश्यांगचे शिल्प आणि हेनान प्रांतातील 'नीगूगू'. शासकीय सोयीसाठी हे वर्गीकरण ठीक आहे. समीक्षेने मात्र ते जसेच्या तसे स्वीकारणे इष्ट नव्हे. माती सर्वत्र तीच असली, तरी मूर्ती आणि समाज यांचे नाते सर्वत्र एक नाही. आणि लोककलेचा निर्णय या नात्यावरून व्हावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नावांकडेच पाहावे. 'नीरन झांग' म्हणजे 'मातीच्या माणसांचा झांग'. येथे एका व्यक्तीचे, झांग मिंगशान (१८२६–१९०६) याचे, आडनाव कलेला चिकटले व पुढे ते घराण्याचे बिरुद झाले. त्याचा लौकिक झाला तो हुबेहूब साम्यासाठी. उलट 'नीगूगू'मधील 'गूगू' हे ध्वन्यनुकारी पद आहे. फुंकल्यावर वाजणाऱ्या शिटीच्या आवाजावरून वस्तूला नाव मिळाले. हेनानातीलच हुआइयांग येथे फूशीच्या समाधिस्थानी दुसऱ्या चांद्रमासाच्या द्वितीयेपासून तिसऱ्याच्या तृतीयेपर्यंत जत्रा भरते. तेथील काळ्या रंगावर चितारलेल्या मूर्तींना 'नीनीगोऊ', म्हणजे 'मातीचे कुत्रे', म्हणतात. पण या नावात माकडे, पक्षी, कासवे, दुतोंडी प्राणी असे सर्वच येतात. नाव येथे आकार सांगत नाही. ते जत्रेतून घरी न्यावयाच्या वस्तूंचा वर्ग सांगते. अशा मूर्तीस 'हा कुत्र्यासारखा दिसतो काय?' हा प्रश्न विचारणे गैरलागू होय. आणि साम्याच्या कसोटीवर तिला ओबडधोबड ठरविणारा समीक्षक त्यानजिनचे माप हुआइयांगला लावीत असतो.

याकोबसन व बोगातिर्‍योव्ह यांनी १९२९ मध्ये लोकसाहित्याविषयी मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. समाजाने स्वीकारलेलेच तेथे टिकते, न स्वीकारलेले नाहीसे होते. या अर्थाने लोकरचना ही भाषाव्यवस्थेसारखी असते, व्यक्तीच्या उक्तीसारखी नव्हे. हुइशानचा 'दा आफू' या विचाराचे उत्तम उदाहरण आहे. मांडीवर हिरवा सिंह धरून बसलेले हे गुटगुटीत मूल साच्यातून निघते. 'दा' म्हणजे मोठा, 'फू' म्हणजे सौभाग्य, आणि 'आ' हा दक्षिणेकडील बोलींतला सलगीचा उपसर्ग. साच्यातील पुनरावृत्ती हा येथे कल्पकतेचा अभाव मानता येत नाही. शब्द पुन्हा उच्चारला गेल्याने शिळा होत नाही, तसेच हे आहे.

तथापि हा सिद्धांत ताणूही नये. त्याच हुइशानात नाट्यप्रसंगांच्या हाताने घडविलेल्या नाजूक मूर्तीही होतात. त्यांत कारागिराचा हात ओळखू येतो आणि त्या त्यानजिनला अधिक जवळच्या वाटतात. सीमारेषा गावागावांमधून न जाता एकाच गावातून जाते, हे वर्गीकरणकारांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

स्वस्त ती लोककला, हाही समज टिकत नाही. सुंगकालीन राजधानीत सातव्या महिन्याच्या सप्तमीस 'मोहले' नावाच्या मातीच्या बाहुल्या विकल्या जात. मंग युआनलाओ (प्रस्तावना ११४७) याच्या वर्णनानुसार काही बाहुल्यांना कोरीव लाकडी बैठका व लाल जाळीचे आच्छादन असे, सोने व हस्तिदंत यांनी त्या सजवीत, आणि एकेका जोडीस हजारो नाणी पडत. मूळ शब्द बौद्ध ग्रंथांतला असून लोकांच्या तोंडी तो बदलला, हेही तो नोंदवितो. संस्कृत मूळ 'महोरग' की 'राहुल', याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब निराळी आहे : मंगने लिहिलेल्या लोकरूपात अखेरच्या अक्षराच्या जागी 'आनंद' या अर्थाचे चिन्ह आले, आणि श्रीमंताची सुवर्णमंडित बाहुली व साधी मातीची बाहुली या दोहोंना बाजारात तेच नाव राहिले.