कोम्पान्येरो: एका पावाचे वाटेकरी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात सर्वांत जास्त बोलला जाणारा शब्द म्हणजे 'कंपनी'. "कुठं असतो?" "कंपनीत." एवढ्यावर ओळख पुरी होते, कुठली कंपनी, हा पुढचा प्रश्न. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून इथल्या पिढ्यांनी हा शब्द वापरून इतका गुळगुळीत केला आहे की त्याच्या पोटात पाव आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. एकाच पावात वाटेकरी असलेली माणसं, ती कंपनी.

याच मुळातून स्पॅनिशने 'कोम्पान्येरो' घडवला. त्या भाषेतला इतका देखणा शब्द मला दुसरा सापडलेला नाही. आणि तो आपल्याला फारसा परकाही नाही. त्याच 'पानिस'चं रूप पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आलं आणि 'पाव' झालं. चाकणच्या चौकात दुसरी पाळी सुटल्यावर दोघं जण एक वडापाव मधोमध तोडतात, मिरची ज्याला सोसते त्याच्याकडे जाते, पैसे कोण देणार यावर थोडी ओढाताण होते. त्या क्षणी ते दोघे अगदी शब्दशः कोम्पान्येरो असतात.

या शब्दाची खरी गोडी त्याच्या वावरण्यात आहे. 'कोम्पान्येरो दे क्लासे' म्हणजे वर्गातला, 'दे त्राबाखो' म्हणजे कामावरचा, 'दे पीसो' म्हणजे भाड्याच्या घरात बरोबर राहणारा. आणि मागे काहीही न जोडता नुसतं म्हटलं, तर तो जन्माचा जोडीदारही असू शकतो. आपण वर्गमित्र, सहकारी, भागीदार, जोडीदार असे वेगवेगळे कप्पे केले. स्पॅनिशमध्ये माणूस तोच राहतो, फक्त पंगत बदलते. शाळेच्या बाकापासून म्हातारपणापर्यंत एकच शब्द पुरावा, यात त्या समाजाची एक समजूत दिसते: नात्याला नाव पुढे मिळेल, आधी सोबत बसून खाणं झालं पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा शब्द हुद्दा विचारत नाही. आपल्या शॉपफ्लोअरवर परमनंट, कॉन्ट्रॅक्ट, ट्रेनी या पायऱ्या बोलण्यात सतत डोकावतात. आणि ज्यांचा हा शब्द, ते इथून लांब नाहीत. २०१३ साली स्पेनमधल्या बिल्बाओच्या सीआयई ऑटोमोटिव्हने महिंद्राशी करार केला आणि चाकणचा फोर्जिंग कारखाना त्या घरात गेला. स्पेनच्याच गेस्टाम्पचाही कारखाना चाकणला आहे. म्हणजे या शब्दाचे मालक इथल्या वेशीच्या आत आलेले आहेत. शब्दही यावा, असं मनापासून वाटतं.

त्याचा एक भाऊबंद मात्र कधीच आला आहे. गेटसभेत आवाज घुमतो तो 'कॉम्रेड'. तो मूळचा स्पॅनिश 'कामारादा'. 'कामारा' म्हणजे खोली. एका खोलीत मुक्काम करणारे ते कामारादा. फ्रेंच आणि इंग्रजीतून फिरत तो आपल्याकडे लाल बावट्याबरोबर पोचला आणि वाटेत त्याची खोली हरवली. ती खोली पाहायची तर चाकणजवळच्या खराबवाडीला किंवा महाळुंग्याला जावं. पत्र्याच्या दहा बाय दहात चौघं, कुणी लातूरचा, कुणी बुलढाण्याचा. सकाळपाळीचा उठून जातो, रात्रपाळीचा येऊन पडतो; गादी निवत नाही. कुकर एकाचा, गॅस दुसऱ्याचा, गावाकडून आलेल्या लोणच्यावर सगळ्यांचा हक्क. ते एकमेकांना 'रूम पार्टनर' म्हणतात. युनियनचा उंबरठाही न चढलेली ही पोरं मूळ अर्थाने पक्के कॉम्रेड आहेत.

सोबतीचे आणखीही शब्द स्पॅनिशमध्ये आहेत. 'सोसिओ' धंद्यातला भागीदार, 'कोलेगा' हुद्द्यातला बरोबरीचा. दोन्ही कामाचे शब्द, त्यांच्यापाशी मी फार थांबत नाही. 'पारेखा' म्हणजे जोडी, जोडीदार. त्याच्या मुळाशी 'समान' हा अर्थ आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.

मराठीत कोम्पान्येरोच्या तोलाचा शब्द शोधताना मी 'सहकारी'वरून पुढे जातो. तो लेटरहेडवर शोभतो, पण त्यात भूक नाही. मन जाऊन थांबतं ते 'सवंगडी'वर. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मधे हे सगळे कारखाने. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कुणाची भाकरी, कुणाचं दही, मग कुठला घास कुणाच्या घरचा हे ओळखू येईना. कोम्पान्येरो एक पाव अनेकांत वाटतो. काला अनेकांचं एक करतो. मला तर काल्याचं पाऊल पुढचं वाटतं.

तरी एका जागी स्पॅनिश आपल्या पुढे आहे. तिथे स्त्रीसाठी 'कोम्पान्येरा' आहे. चाकणच्या असेंब्ली लाइनवर आता मुलीही उभ्या असतात, त्याच पाळीत, त्याच कॅन्टीनच्या रांगेत. शेजारचा मुलगा तिला 'ताई' म्हणतो किंवा 'मॅडम'. एकात नातं येतं, दुसऱ्यात हुद्दा. 'मैत्रीण' म्हणावं तर लाइनभर कुजबुज. आणि सवंगडी म्हटलं की डोळ्यांपुढे गाई राखणारे मुलगेच येतात. बरोबर उभी राहून काम करणारी, बरोबर बसून डबा खाणारी, एवढंच सांगणारा शब्द त्या मुलाच्या तोंडी अजून आलेला नाही.