‘बद्ध’ आणि ‘मुक्त’ : सागरी ताम्रविचारातील दोन विशेषणांचे परीक्षण

समुद्रजलातील तांब्याविषयीचे अर्धशतकातील लेखन मुख्यतः दोन विशेषणांवर उभे आहे : तांबे एक तर ‘मुक्त’ असते, अथवा सेंद्रिय संयुगांनी ‘बद्ध’ असते. यांपैकी पहिल्या विशेषणाने शास्त्राची मोठी सेवा केली. दुसऱ्याने मात्र काही प्रश्न झाकून ठेवले, असे म्हणणे प्राप्त आहे.

पहिल्याचे श्रेय निर्विवाद आहे. तांबे सजीवांना अत्यावश्यक आहे, तसेच प्रमाण वाढताच ते विषही होते. १९७६ मध्ये संडा आणि गिलार्ड यांनी वनस्पतिप्लवकांवरील प्रयोगांतून दाखविले की, पेशींची वाढ खुंटते ती पाण्यातील एकूण तांब्यामुळे नव्हे, तर मुक्त ताम्र-आयनाच्या क्रियाशीलतेमुळे. ‘तांबे किती?’ या प्रश्नाची जागा ‘कोणत्या रूपातील तांबे किती?’ या प्रश्नाने घेतली. पुढे १९८८ मध्ये कोल आणि ब्रूलँड यांनी ईशान्य पॅसिफिकच्या वरच्या २०० मीटर थरात विरघळलेल्या तांब्यापैकी ९९.७ टक्क्यांहून अधिक सेंद्रिय संयुगांशी निगडित असल्याचे दाखविले. या संयुगांचे त्यांनी दोन वर्ग केले : प्रबळ तो ‘एल-१’, दुर्बल तो ‘एल-२’.

येथेच पहिली अडचण उद्भवते. ‘एल-१’ हे पदार्थाचे नाव नव्हे. ते अनुमापनाच्या आलेखातून काढलेल्या एका स्थिरांकाचे नाव आहे. मोजणीत कोणते स्पर्धक संयुग किती घातले, यावर कोणते वर्ग दृष्टीस पडतील हे अवलंबून असते. सिनेकोकॉकस या नील-हरित जीवाणूने तांब्याच्या ताणाखाली स्रवलेली संयुगे, प्लवकांची गंधकयुक्त थायोले आणि नद्यांनी आणलेली ह्यूमिक द्रव्ये या तिन्हींचे मूळ व घडण भिन्न आहे. तथापि चिन्ह एकच मिळाल्याने ती वाचकाला सजातीय भासतात.

दुसरी अडचण व्याकरणातून येते. ‘लिगँड’ हा शब्द लॅटिनमधील ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूपासून आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१६ मध्ये योजिला. ‘चिलेट’ हा मॉर्गन आणि ड्र्यू यांनी १९२० मध्ये खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक नावावरून घडविला. मराठीतील ‘बद्ध’ हे क्त-प्रत्ययान्त विशेषण आहे. ते झालेली अवस्था सांगते. गाठ किती वेगाने सुटते, याविषयी ते मौन पाळते. या मौनातून परस्परविरुद्ध असे दोन गैरसमज उपजले.

पहिला असा की, बद्ध तांबे सजीवांच्या आवाक्याबाहेरचे होय. परंतु ईशान्य उपध्रुवीय पॅसिफिकमधील प्लवक व जीवाणू सेंद्रिय-बद्ध तांबेही ग्रहण करतात, असे सेमेनियुक व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखविले. शिवाय सूर्यप्रकाशाने बंधक संयुगे विघटित होतात. म्हणजे बंध हा चक्राचा शेवट नसून त्यातील एक टप्पा आहे. दुसरा गैरसमज असा की, सारेच बद्ध तांबे विनिमयास सिद्ध असते. अनुमापनाचे गणित हे गृहीत धरूनच चालते. परंतु मोरियासु आणि मॉफेट यांनी २०२२ मध्ये विरघळलेल्या तांब्यापैकी घातलेल्या संयुगाशी विनिमयच न करणारा अंश वेगळा मोजण्याची पद्धत मांडली. हा अंश समतोलात भाग घेत नसेल, तर एकूण तांबे घालून काढलेली मुक्त आयनांची उत्तरेही पुन्हा तपासावी लागतात.

यावर कोणी म्हणेल की, शब्द ही केवळ लेबले. खरे महत्त्व आकड्यांचे. हा आक्षेप येथे टिकत नाही. कोणते तांबे समीकरणात घ्यावयाचे हे ‘बद्ध’ या शब्दाच्या व्याप्तीवरच ठरते. शब्द येथे गणितात शिरला आहे.

हा वाद केवळ अभ्यासिकेतला नाही. ट्रायब्यूटिलटिनयुक्त जहाजरंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अंमलात आला. त्यानंतर जहाजांच्या तळांवर ताम्रयुक्त रंगांचा आधार अधिकच घेतला गेला. बंदिस्त बंदरात ‘तांबे बहुतांशी बद्ध आहे’ हे वाक्य निर्धास्त करणारे वाटते. परंतु प्रबळ बंधकांची क्षमता भरली की तांब्याच्या थोड्याशा वाढीनेही मुक्त आयन झपाट्याने वाढतात. टक्केवारीचे हे वाक्य त्या सीमेविषयी काहीच सांगत नाही.

यास्तव मराठी लेखनाने दोनऐवजी तीन संज्ञा स्वीकाराव्यात : मुक्त, विनिमयशील-बद्ध आणि अविनिमयशील-बद्ध. तसेच मापनपद्धतीच्या उल्लेखावाचून ‘एल-१’ वा ‘एल-२’ लिहू नये. परभाषेतील संज्ञा उचलताना तिची संदिग्धताही उचलण्याचे बंधन मराठीवर नाही.